बिनचिठ्ठीचा बॉक्स

बाजारात त्याला चिठ्ठीवाला म्हणत आणि नात्यागोत्यात उद्याराव. दोन्ही नावं त्याने स्वतःच्याच वागण्याने कमावली होती, त्यामुळे कुणावर रागावायची सोय नव्हती.

चिठ्ठीवाला हे नाव दुकानातल्या शिस्तीमुळे पडलं. दुकान म्हणजे काय, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबावं एवढी जागा. पुढे काउंटर, मागे भिंतीला तीन फळ्या, आणि आत एक स्टूल. कुणी बंद पडलेला टीव्ही, रेडिओ किंवा डिशचा बॉक्स घेऊन आलं की तो आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नाव लिहायचा, त्याखाली वस्तूचं दुखणं, त्याखाली द्यायचा वार आणि वेळ. मग ती चिठ्ठी दोऱ्याने वस्तूला बांधायची. चिठ्ठीवर शुक्रवार पाच लिहिलं असेल तर शुक्रवारी पाचला वस्तू तयार. चार वाजता येऊन कुणी घाई करू लागलं तर तो त्याला तासभर ताटकळत ठेवायचा, कारण दुरुस्त केलेली वस्तू तासभर चालवून बघितल्याशिवाय हातातून सोडायची नाही हा त्याचा नेम होता. त्यासाठी दुकानाच्या छपरावर त्याने स्वतःची एक डिश लावली होती. तिची तार खिडकीतून आत आणलेली. बॉक्स कुठलाही असो, त्या तारेला जोडून तासभर चित्र दाखवेल तरच तो बरा झाला म्हणायचं.

"नुसता दिवा लागला म्हणजे पेशंट जिवंत आहे एवढंच कळतं," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "बरा झाला का ते जिना चढायला लावल्यावर कळतं."

नातेवाइकांच्या वस्तूंना मात्र चिठ्ठी नसे. घरच्या माणसाचं नाव काय लिहायचं आणि त्याला वार कसला द्यायचा? घरची वस्तू आली की ती सगळ्यांत खालच्या फळीवर जाई आणि आणणाऱ्याला एकच उत्तर मिळे, "उद्या बघतो." एका चुलतभावाचा टेबलफॅन त्या फळीवर दोन उन्हाळे काढून गेला. सासऱ्यांचा रेडिओ सासरे गेल्यावर दुरुस्त झाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि गंमत म्हणजे त्याला त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही. घरची माणसं कुठे पळून जातात, असा त्याचा हिशेब होता.

त्याची थोरली बहीण, ताई, ही त्या फळीची सगळ्यांत जुनी मानकरी. खरं तर हे दुकान निघालं तेच तिच्यामुळे. तो दहा वर्षांचा असताना त्याने घरातला एकुलता एक रेडिओ खोलला होता. ताईने शेजारी बसून टॉर्च धरला. सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले आणि परत बसवताना चार भाग उरले. संध्याकाळी वडील आले. त्यांनी बटण फिरवलं, रेडिओ मुका. हा खाटेमागे लपलेला. ताई पुढे झाली आणि म्हणाली, "पुसताना माझ्या हातून पडला." वडिलांनी तिला आठवडाभर बोलणी ऐकवली. तिने खरं शेवटपर्यंत सांगितलं नाही. उलट महिन्याभराने तिनेच वडिलांना गळ घातली की याचे हात स्वस्थ बसत नाहीत, याला रेडिओ दुरुस्तीच्या वर्गाला घाला.

ताईचं लग्न छापखान्यात कागद कापणाऱ्या एका माणसाशी झालं. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्या घरात बोलणं हातांनी चाले. बाहेर शिकवतात ती खुणांची भाषा नव्हे, तर त्यांची घरात तयार झालेली भाषा. प्रत्येक माणसाला एक खूण होती. ताईच्या हनुवटीवर तीळ, म्हणून तिची खूण हनुवटीला लावलेली दोन बोटं. आणि आपल्या या मेहुण्यासाठी त्या भल्या माणसाने खूण ठरवली होती ती म्हणजे हात खांद्यावरून पुढे फेकायचा: उद्या. ज्याने आयुष्यात एक शब्द ऐकला नाही त्यालाही हा मेहुणा बरोबर ऐकू आला होता. सगळे हसत. तोही हसे.

त्यांची एकच मुलगी. ती बोलायच्या आधी हातांनी बोलू लागली, आणि मोठी झाल्यावर तिने तेच काम पत्करलं. दूरच्या शहरात बहिऱ्यांच्या शाळेत ती शिकवायची, दवाखान्यात, कोर्टात त्यांचं बोलणं इतरांना सांगायची. वडील अचानक आजारी पडून गेले तेव्हा तिला पोहोचायला एक दिवस उशीर झाला. ताई तिला काही बोलली नाही. तीही आईला काही बोलली नाही. ती परत गेली, आणि मग मायलेकींचं फोनवरचं बोलणं जेवलीस का आणि पाऊस आहे का यापलीकडे जाईना.

त्याला तीन महिने झाले असतील. एका दुपारी ताई पिशवीत डिशचा बॉक्स घेऊन दुकानात आली आणि नेहमीप्रमाणे आत येऊन स्टुलावर बसली.

"लाइटच लागत नाही रे याची. काल रात्री चालू होता, सकाळी मेला."

"पॉवरचा फॉल्ट असेल," तो मान वर न करता म्हणाला. "ठेव खाली. उद्या बघतो."

"उद्या नको बघूस, पण वीस दिवसांत बघ." मग तिने सांगितलं. एका वाहिनीवर रविवारी दुपारी बारा वाजता खुणांच्या बातम्या असतात, त्या सांगणारी बाई सुट्टीवर जाणार होती आणि एका रविवारपुरतं भाचीला बोलावलं होतं. "कोपऱ्यात एवढ्याशा गोलात दिसेल म्हणाली. एकच दिवस. आणि दोनदा म्हणाली, आई, शेवटपर्यंत बघ. शेवटपर्यंत का, ते काही सांगितलं नाही."

"वीस दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी," तो म्हणाला. "माझ्या भाचीला मीच नाही का दाखवणार?"

बॉक्स खालच्या फळीवर गेला. पहिल्या आठवड्यात ताईचा एक फोन आला, दुसऱ्यात दोन. दर वेळी तो म्हणाला, उद्या. खोटं बोलत होता असंही नाही. त्याला खरंच वाटायचं की उद्या करू. पण रोज वरच्या दोन फळ्यांवर चिठ्ठ्या लटकत असायच्या, चिठ्ठीवर वेळ असायची, आणि ज्याच्यावर वेळ लिहिलेली नाही ते काम माणसाला दिसेनासं होतं.

शेवटी त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी साडेतीनला, ताई स्वतःच येऊन उभी राहिली. बॉक्सवर बोटभर धूळ होती. तिने ती आपल्या रुमालाने पुसली आणि बॉक्स त्याच्या पुढ्यात ठेवला.

तो ओशाळला, पण हात सवयीने चालू लागले. चार स्क्रू काढले, झाकण उचललं. आतलं दुखणं पहिल्या नजरेतच दिसलं. वीज आत येते त्या पट्टीवर दोन कॅपॅसिटर शेजारी शेजारी उभे होते, करंगळीच्या पेरांएवढे. एकाचं डोकं साफ फुगून फाटलं होतं.

"हा बघ तुझा आजारी," तो ताईला म्हणाला. "एवढ्याशासाठी सगळं अडलं होतं."

"एवढ्याशासाठी तीन आठवडे लागले होय," ताई म्हणाली, पण हसत.

त्याने फुगलेला काढला, नवा लावला, सोल्डरचे दोन डाग दिले. शेजारच्या कॅपॅसिटरचं डोकंही जरासं उचललेलं होतं. बोट फिरवलं तर कळेल इतपत. त्याने बोट फिरवलं. त्याला कळलं. पण तसला दुसरा हाताशी नव्हता. पाठीमागच्या खोक्यात शोधावा लागला असता, आणि पाच वाजता एक गिऱ्हाईक यायचं होतं. त्याने मनात म्हटलं, चालेल. बॉक्सला वीज दिली. हिरवा दिवा लागला.

"लागला," ताई म्हणाली. तिचा चेहरा असा खुलला की जणू दिव्याचा शोध तिच्यासाठीच लागला असावा.

आता खरं तर बॉक्स छपरावरच्या डिशला जोडायला हवा होता. बॉक्स एकटा असतो तेव्हा त्याला विजेची फारशी गरज नसते. पण डिशची तार जोडली की त्याच तारेतून त्याला वर डिशच्या तोंडाशी वीज पाठवावी लागते. तो भार पेलला तर खरा. हेच तर तो जिना चढायला लावणं म्हणायचा. पण ती तार त्या वेळी पाचच्या गिऱ्हाइकाच्या बॉक्सला जोडलेली होती. त्याच्या चिठ्ठीवर वेळ होती. तार काढली असती तर त्याचा तास मोडला असता.

त्याने एकदा तारेकडे बघितलं आणि ताईचा बॉक्स झाकण लावून पिशवीत घातला. "घरी जाऊन जोड. काही होत नाही त्याला."

रविवारी तो बायकोबरोबर तिच्या बहिणीकडे गेला होता. फोन कोटाच्या खिशात, कोट खुंटीला. संध्याकाळी बघितलं तर ताईचे दोन मिस्ड कॉल, पावणेबाराचा एक आणि बाराचा एक. त्याला वाटलं, आनंद सांगायला केले असतील. त्याने फोन लावला आणि ती काही बोलायच्या आत विचारलं, "काय, दिसली की नाही आमची भाची?"

 मग ताई म्हणाली, "दिसली. छान दिसली."

"मग? म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला, आणि त्या दिवशी तो स्वतःवर फार खूश होता. हे पुढे त्याला सगळ्यांत जास्त बोचलं.

चार महिने गेले. एका दुपारी भाचीचा फोन दुकानात आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ती म्हणाली, "मामा, एक विचारू? आईने तो कार्यक्रम खरंच बघितला होता का?"

"म्हणजे काय. मीच बॉक्स करून दिला."

"मग शेवटच्याबद्दल ती काही बोलली कशी नाही?"

"शेवटचं म्हणजे?"

भाची सांगू लागली. "बातम्या संपल्या की मला दोन सेकंद नुसतं हात जोडून थांबायचं होतं. मी तेव्हा बाबा करायचे ती खूण केली. आईची. हनुवटीवर दोन बोटं, आणि मग हात छातीवर. बाबा तिला चुकलं म्हणायचे ना, तसं. मला फोनवर बोलता येत नव्हतं मामा. तिथे हातांनी येईल असं वाटलं. आई म्हणाली छान दिसलीस, बस. मला वाटलं तिने बघूनही सोडून दिलं. अजून रागच आहे."

त्याच्या हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न होतं. ते त्याने स्टँडवर ठेवलं. "त्याचं रेकॉर्डिंग असेल ना?" त्याने विचारलं.

"विचारलं मी. पंधरा दिवसांनी पुसतात ते. आणि मला परत बोलावलं नाही त्यांनी. ती बाई आता सुट्टी घेत नाही."

त्याने दुकानाचं शटर ओढलं. चार चिठ्ठ्या त्या दिवशीच्या होत्या, तरी ओढलं. बाजारात हे कुणी कधी बघितलं नव्हतं. शेजारच्या घड्याळवाल्याने विचारलं, कुणी गेलं की काय. तो हत्यारांची पेटी उचलून चालू लागला.

ताई दुसऱ्या मजल्यावर राहायची. दार उघडल्यावर त्याच्या हातातली हत्यारांची पेटी बघून तिला सगळं कळलं असावं. ती बाजूला झाली. टीव्ही भिंतीशी होता, त्याच्यापुढची जागा रिकामी. बॉक्स खाटेखालून निघाला, जुन्या उशीच्या अभ्र्यात नीट गुंडाळलेला.

"लागला होता रे," ती समजावल्यासारखी म्हणाली, जणू बॉक्सचीच बाजू घेत होती. "हिरवा दिवा लागला. मी साडेअकराला सगळं जोडून बसले. डिशची तार लावली आणि टिक टिक करायला लागला. दिवा लागायचा, जायचा. लागायचा, जायचा. तार काढली की नीट. तुला फोन केला. समोरच्यांकडे डिश आहे पण कुलूप होतं. खालच्यांकडे गेले, त्यांच्याकडे ती वाहिनी येत नाही. परत वर आले तोवर बारा वीस झाले होते. मग बसले नुसती. एक वाजेपर्यंत टिक टिक ऐकत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू इतक्या हौसेने विचारलंस, दिसली का म्हणून. काय सांगायचं मग?"

त्याने झाकण उघडलं. नव्या कॅपॅसिटरच्या शेजारी तो दुसरा उभा होता, आता डोकं पुरतं फुगलेला. त्याने तो काढला, पेटीतून नवा घेतला, लावला. सहा मिनिटं लागली. डिशची तार जोडली. दिवा लागला आणि लागलेला राहिला. पडद्यावर कुणीतरी भाज्यांचे भाव सांगत होतं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तो झोपा त्याने किती छान केला होता.

"आला," ताई म्हणाली. "चहा टाकते."

"थांब," तो म्हणाला. येताना वाटेत त्याने शंभरदा ठरवलं होतं की खुणेचं सांगायचं नाही, आणि शंभरदा ठरवलं होतं की सांगायचंच. न सांगावं तर पोरगी आयुष्यभर समजणार की आईने माफ केलं नाही. सांगावं तर ताईचं काय गेलं ते ताईला कळणार. त्याने सांगितलं. सांगताना एकदाही तिच्याकडे बघितलं नाही.

ताई खाटेच्या कडेवर बसली. टीव्ही चालू होता. तिने विचारलं, "कशी केली म्हणाली?"

त्याने दोन बोटं हनुवटीला लावली आणि मग हात छातीवर ठेवला.

"डावीकडे," ताई म्हणाली. "तीळ डावीकडे आहे."

त्याने बोटं डावीकडे नेली. तिने मान हलवली. मग पदार्थात मीठ बरोबर आहे का विचारावं तशा साध्या आवाजात ती म्हणाली, "आता असं कर. तिला सांग, आईने बघितलं होतं, पण डोळे भरून आले म्हणून शेवटचं तेवढं नीट दिसलं नाही. तुझ्या हातून राहिलं हे तिला कशाला कळायला हवं? तिचा तू एकटाच मामा आहेस."

पुसताना माझ्या हातून पडला. तेच वाक्य, चाळीस वर्षांनी. तेव्हा तो खाटेमागे लपला होता. आता लपायला जागा नव्हती आणि लाजायचं वयही निघून गेलं होतं. तो तिच्यासमोर रडला. ताई उठून चहा टाकायला गेली, कारण त्याला कुणी रडताना बघितलेलं आवडत नाही हे तिला माहीत होतं.

त्याने तिचं ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी जिन्यात उभं राहून त्याने भाचीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. खालची फळी, तीन आठवडे, दुसरा कॅपॅसिटर, पाचच्या गिऱ्हाइकाची तार. भाचीने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "ठीक आहे मामा. आईला फोन दे." त्याने वर जाऊन फोन ताईच्या हातात दिला आणि बाहेर येऊन उभा राहिला. आत मायलेकी बराच वेळ बोलत होत्या. काय ते त्याने ऐकलं नाही. मायलेकींचं त्यानंतर जुळलं. भाची महिन्या-दोन महिन्यांनी येऊ लागली. पण जे दोन सेकंद आईने बघायचे होते ते कुणीच बघितले नाहीत, आणि ज्याने बघू दिले नाहीत त्याच्याशी भाची पुढे नेहमी चांगलंच बोलली, जरा जास्तच चांगलं, जसं परक्याशी बोलतात.

त्याने खालची फळी काढून टाकली. नात्यात सगळ्यांना सांगितलं, तुमचं काम आता आधी. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. उद्याराव हे नाव काही गेलं नाही.

वर्षभराने ताई इस्त्री घेऊन दुकानात आली. काउंटरपाशी दोन गिऱ्हाइकं होती. ती त्यांच्या मागे, पायरीवर उभी राहिली.

"ताई, आत ये ना," तो म्हणाला. स्टूल पुढे केलं.

"असू दे. यांचं होऊ दे आधी."

दोघं गेली. ताई पुढे झाली आणि इस्त्री काउंटरवर ठेवली. "तापत नाही," ती म्हणाली. त्याने लगेच स्क्रू-ड्रायव्हर उचलला, तर तिने त्याच्या हातावर हात ठेवला. रागाने नाही. गर्दीत कुणाची वस्तू पडली तर आपण उचलून देतो, तशा सहजपणे.

"चिठ्ठी कर आधी," ती म्हणाली.

त्याने पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, पेन घेतलं, आणि तसाच बसला. काय लिहावं ते त्याला कळेना. तेव्हा ताईने आपलं नाव सांगितलं. आडनावासकट सांगितलं, सावकाश, म्हणजे त्याला लिहून घेता यावं. त्याने ते लिहून घेतलं.